ओवी नसलेले काम : बाळंतिणीचे विणकाम आणि मराठी वाङ्मय

मराठी बाईच्या घरकामाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला साधनांची वाण पडू नये, इतके तिने स्वतःच गाऊन ठेवले आहे. दळताना ती गायली, कांडताना गायली, पाळणा हलवताना गायली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्याच लाखाच्या वर जाते. २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत. या ओव्यांत बाळंतपण आहे, माहेर आहे, भाऊ आहे, तान्हे आहे, तान्ह्याचे अंगडेटोपडेही आहे. नाही ती फक्त लोकरीचे टोपडे विणणारी सुई. विसाव्या शतकात मराठी मध्यमवर्गीय घरात तान्ह्या मुलाच्या आईच्या हाताला जे काम सर्वांत अधिक चिकटून राहिले, त्या विणकामाची ओवी आम्हांला अद्याप भेटलेली नाही. का भेटत नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. आमच्या मते तो मराठी स्त्रियांच्या साक्षरतेच्या इतिहासातला प्रश्न आहे, आणि वाङ्मय शिकविणाऱ्यांनी तो गृहशास्त्राच्या विभागाकडे ढकलून मोकळे होऊ नये.

आसगाव हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले, वैनगंगेच्या चौरास पट्ट्यातले धानाचे गाव. इथे बसून हा प्रश्न विचारण्याला कारण आहे. या मुलखात ‘विणणे’ हे क्रियापद फार राबते. पवनीच्या रेशीमकाठी कापडाची दखल इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनी घेतली. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा आजही नाव राखून आहे. रानातल्या झाडांवर कोशाचे किडे पोसणारे ढिवर मासेमारीची जाळीही हाताने विणत आले. कोष्टी कापड विणतो, ढिवर जाळे विणतो, बुरूड टोपली विणतो, घरातला म्हातारा खाट विणतो, आणि शाळेतल्या बाई मधल्या सुट्टीत स्वेटर विणतात. इंग्रजीला यातल्या निरनिराळ्या क्रियांसाठी निरनिराळी क्रियापदे लागतात. मराठीने एकावर भागवले. या काटकसरीचा एक परिणाम असा झाला की, सुयांवरचे विणकाम हे या घरात अलीकडे आलेले पाहुणे आहे, ही गोष्ट भाषेने झाकून टाकली. शब्द जुना म्हणून कामही जुनेच असणार, असे वाटत राहिले.

त्यात आणखी एक गंमत आहे. ‘वीण’ म्हणजे कापडाची बांधणी, आणि ‘वीण’ म्हणजे प्रसवही. पक्षिनिरीक्षक ‘विणीचा हंगाम’ म्हणतात तो या दुसऱ्या अर्थाने. शब्दांची कुळे दोन : एक विणण्याचे, दुसरे ‘व्याणे’शी नाते सांगणारे. उच्चार झिजत झिजत ती एका रूपात येऊन भेटली. योगायोग मोहक आहे. त्यावर स्त्रीत्वाचे काही तत्त्वज्ञान उभारण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. मराठी कवितेत पिलांसाठी विणणारी जी सर्वांत लाडकी आई आहे, ती बहिणाबाई चौधरींची सुगरण. १९५२ साली बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या पाठ होत आली. पक्षिशास्त्र सांगते की सुगरण पक्ष्यात घरटे विणतो तो नर. मादी येऊन पारखते आणि पसंत पडले तर राहते. कवितेला याने काही बाधा येत नाही. पण विणणारा जीव म्हणजे आईच असणार, हे आपण किती सहज गृहीत धरतो, याचा तो एक चांगला नमुना आहे. आणि हेही लक्षात ठेवावे की बहिणाबाईंची गाणी जन्मली ती घरोट्यापाशी आणि शेतात. त्यांच्या हातात लोकरीच्या सुया नव्हत्या.

काम करणारी आई आणि तिला क्षणोक्षणी थांबवणारे मूल, हा विषय मात्र आपल्या परंपरेला पुरेपूर ठाऊक आहे. भागवताच्या दशम स्कंधातला नववा अध्याय यासाठी पुन्हा वाचावा. यशोदा दही घुसळते आहे आणि घुसळता घुसळता आपल्या मुलाच्या लीला गाते आहे. तो येतो, रवी धरून ठेवतो. ती काम टाकून त्याला पाजायला घेते. तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते, म्हणून ती त्याला अर्धपोटी खाली ठेवून धावते. तो रागावून दह्याचे मडके फोडतो. पुढचे उखळाला बांधणे सर्वांना माहीत असते. एरवी भक्तीच्या अंगाने वाचला जाणारा हा अध्याय घरकामाच्या अंगानेही तितकाच अचूक आहे : एक काम हातात, एक चुलीवर, एक मांडीवर, आणि तिन्हींचे वेळापत्रक तिसऱ्याच्या मर्जीवर. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील हा की ती गाते आहे. रवीच्या दोरीला लय असते, गळ्याला ती आपोआप सापडते.

याच्या शेजारी युरोपातले एक चित्र ठेवून पाहावे. इ. स. १४०० च्या सुमारास मास्टर बेरट्रामच्या चित्रशाळेतून निघालेला बुक्स्टेहूडचा वेदीपट आज हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. त्याच्या एका फलकावर मेरी बसली आहे आणि चार सुयांवर बिनशिवणीचा लहानसा अंगरखा विणते आहे. गळ्याचे टाके सुयांवर आहेत. बाळ येशू जवळच गवतावर पहुडला आहे, त्याच्यापाशी भोवरा आहे आणि पुढ्यात उघडे पुस्तक. मागून देवदूत क्रूस आणि भाला घेऊन आले आहेत. मुलाचे पुढे काय होणार हे आईच्या पाठीशी उभे आहे आणि ती विणते आहे. चौदाव्या शतकापासून इटलीत आणि जर्मनीत अशा विणणाऱ्या मेरीची आणखीही काही चित्रे निघाली. यशोदा गाते, मेरी गप्प आहे. चित्र गप्पच असणार, असे कोणी म्हणेल. तरी मान खाली, नजर टाक्यांवर आणि जवळ उघडे पुस्तक, ही मांडणी आम्हांला फार सूचक वाटते. कारण मराठी घरात सुई आली ती पुस्तकाचेच बोट धरून.

लोकर मराठी मुलखाला नवी नव्हती. धनगरांची घोंगडी होतीच. पण घोंगडी मागावर विणली जाई. दोन सुयांवर लोकरीचे टाके घालण्याची विद्या इकडच्या घरांत शिरली ती एकोणिसाव्या शतकात, मुलींच्या शाळांमधून. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ साली मुलींची शाळा काढली. सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला गेल्या. सावित्रीबाई फुल्यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाशी जोडले जाणारे नाव ते हेच. मार्गारेट विल्सन यांनी १८२९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये पोचले. या सगळ्या शिक्षणात अक्षर आणि सुई जोडीने चालत. १८८२ च्या हंटर आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली ती स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची मागणी करण्यासाठी. आयोगाने मात्र मुलींच्या प्राथमिक शाळांचे मान मुलांपेक्षा सोपे आणि गृहजीवनाशी जुळणारे असावे, अशी शिफारस केली. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, आणि तीनच वर्षांत तिच्या अभ्यासक्रमावर ‘मराठा’ पत्रातून टीका झाली. सुई ही त्या वादात दोन्ही बाजूंच्या सोयीची होती. मुलगी शिकून बिघडेल म्हणणाऱ्याला ती आश्वासन देई, आणि मुलीला शाळेत आणू पाहणाऱ्याला ती निमित्त देई. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवण आणि हस्तव्यवसाय होते, सोबत परिचारिकांचे प्रशिक्षण होते. कर्व्यांच्या १९१६ च्या महिला विद्यापीठात गृहशास्त्राला आवश्यक विषयाचे स्थान मिळाले. सुयांचा हा प्रवास लिहिताना आपण बहुधा उपहासाचा सूर लावतो : शिकवायचे होते गणित, शिकवले मोजे. आम्हांला तो उपहास अर्धाच पटतो. मोज्याच्या टाचेत गणितच असते.

इथेच ओवी नसण्याचे पहिले उत्तर आहे. दळण मनगटाला आणि खांद्याला करायचे असते, डोके मोकळे राहते. विणकामात, निदान नमुन्याच्या विणकामात, डोके मोजण्यात गुंतते. दोन सुलट, दोन उलट, एक सोडा, दोन एकत्र. ओळ संपेपर्यंत ओठ हलतात ते आकड्यांवर. मध्ये कोणी हाक मारली तर बाई डोळ्यांनी ‘थांब’ म्हणते आणि ओळ पुरी करून मगच उत्तर देते. अशा कामावर गाणे कसे चढणार? शिवाय जाते दोघींचे असे. समोरासमोर बसून, एकीची ओळ संपली की दुसरीने उचलायची. सुया एकटीच्या. आणि तिसरी गोष्ट, जी आमच्या मते मुख्य आहे : ओवी कानावाटे आईकडून मुलीकडे गेली, नमुना कागदावाटे मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे गेला. १९३० साली किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक निघाले. पुढच्या दशकांत स्त्रियांची मासिके वाढत गेली, आणि थंडीच्या तोंडावर त्यांत विणकामाचे नमुने येऊ लागले. ज्या बाईला वाचता येत नव्हते तिला ते नमुने बंद होते. मराठी घरातले कौटुंबिक काम प्रथमच लिपीच्या कुलपात गेले.

म्हणून या कामाने मागे ठेवली ती वही. अशा वह्या आम्ही पाहिल्या आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी एखादी हाती घ्यावी. शाळेतल्या उरलेल्या पानांची, दोऱ्याने शिवलेली. पहिल्या पानावर देवाचे नाव, मग ‘साबुदाणा वीण’, ‘वेणीची वीण’, ‘जाळी’. नमुन्याचे नाव पुष्कळदा ज्या बाईकडून घेतला तिच्यावरून : अमक्या वहिनींची बॉर्डर, तमक्या सिस्टरचे मोजे. त्यानंतर क्रिया : ‘१० नंबरच्या सुईवर ७२ टाके घालणे. २ सु. २ उ. असे आठ ओळी.’ क्रियापदे सारी ‘-णे’ अंती, कर्ता कुठेच नाही. आणि पानाच्या कडेला, वेगळ्या शाईत, दुधाचा हिशेब, धोब्याचे कपडे, त्रिगुणी लसीच्या दुसऱ्या मात्रेची तारीख. एखाद्या ठिकाणी ओळ अर्ध्यात तुटते आणि पुढे वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेनने चालू होते. तिथे बाळ उठले असणार. मराठीत तान्ह्या मुलाच्या आईने त्याच दिवसांत, त्याच खोलीत लिहिलेले गद्य फार थोडे आहे; आत्मचरित्रे लिहिली गेली ती मुले मोठी झाल्यावर, काही तर नातवंडे झाल्यावर. ही वही मात्र रात्रीच्या दोन पाजण्यांच्या मधली आहे.

हे काम पडत असे बाळंतपणानंतर, हेही सांगायला हवे, कारण चित्रपटांनी याबाबत मोठाच घोटाळा केला आहे. नायिका इवलेसे मोजे विणताना दिसली की प्रेक्षकाने काय ते समजावे, ही खूण आपल्या पडद्यावर दशकानुदशके चालली. कथा-कादंबरीनेही ती उचलली. प्रत्यक्षात आपल्याकडे पुष्कळ घरांत रीत उलटी : मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवे काही आणायचे नाही, करायचे नाही. पहिले कपडे जुन्या, मऊ धोतर-लुगड्याचे, किंवा घरातल्या धडधाकट मुलाचे उतरलेले. नवे अंगावर चढते ते पाचवी किंवा बारशानंतर. माहेरहून बाळंतविडा येतो : झबली, टोपडी, कुंची, दुपटी. लोकरीचे कपडे त्यात सामील झाले ते मागाहून, आणि प्रथम विणले आजीने, मावशीने, आत्याने. बाळंतीण स्वतः सुया घेऊ धजत नसे. ओल्या अंगाने वाचू नये, शिवू नये, डोळे जातील, असे बजावले जाई. सव्वा महिन्याची खोली, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आणि हाताला काम नाही. पुष्कळ घरांतल्या आठवणीत सासू-आईची नजर चुकवून उशीखालून काढलेल्या सुया आहेत. सव्वा महिना सरला की मग उघडपणे. तोवर बाळाचे कपडे इतरांनी पुरवलेले असत, म्हणून नव्या आईचे विणकाम पुष्कळदा बाळासाठी नसेच : दिराचा बिनबाह्यांचा स्वेटर, सासऱ्यांची कानटोपी, नणंदेच्या मुलाचे जाकीट. नव्या घरातले आपले स्थान ती टाक्या-टाक्याने पक्के करत होती, असे म्हणता येईल. लग्नातल्या रुखवतावर तिचे क्रोशाचे रुमाल आणि लोकरीचे ससे मांडून दाखवले गेले होते. आताच्या कामाला प्रेक्षक नव्हता, पण घराघराला ते अंगावर वागवावे लागे.

विदर्भात याची गरजही खरी होती. कोकणात लोकरीचे टोपडे हौसेचे असेल. इकडे धानकापणीनंतरच्या दिवसांत रात्री चांगल्याच गारठतात. नागपूरचे किमान तापमान २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांवर उतरले होते. लोकर येई बाहेरून : कानपूरची लालइमली, पंजाबातले धारिवाल, पुढे लुधियानाची. नंतर कृत्रिम धाग्याची स्वस्त लोकर आली, जिला सगळे ‘कॅशमिलॉन’ म्हणत, आणि विणकाम मास्तर-कारकुनांच्या घरांतून आणखी एक-दोन पायऱ्या खाली उतरले. आमच्या भागात टाक्याला कोणी ‘फंदा’ म्हणे, सुईला कोणी ‘सलाई’. जुन्या मध्यप्रांताची हिंदी सुयांवरूनही ओळखू येते.

पण किती खाली उतरले? या प्रश्नाला बगल दिली तर आमचा लेख लोकरीइतकाच उबदार आणि खोटा होईल. मानववंशशास्त्रज्ञ जुडिथ ब्राउन यांनी १९७० साली एका छोट्या टिपणात विचारले होते की निरनिराळ्या समाजांत बायकांकडे नेमकी काही कामेच का येतात. त्यांचे उत्तर असे : जी कामे मूल सांभाळता सांभाळता करता येतात ती. काम पुन्हापुन्हा थांबवून पुन्हा सुरू करता यावे, त्यात सततचे अवधान लागू नये, मुलाला धोका नसावा, घरापासून दूर जावे लागू नये. एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात सूत-कापडाच्या वीस हजार वर्षांच्या इतिहासाची मांडणी याच पायावर केली. सुयांचे विणकाम या कसोट्यांना इतके तंतोतंत उतरते की ती कसोटी विणकाम पाहूनच बेतली असावी, असे वाटते. अवधान लागते, पण ओळीपुरते. बाळ रडले की सुया खोचून ठेवाव्या, तासाने उचलाव्या, बिघडत काही नाही. कोष्ट्याच्या घरात माग चालवणारा बहुधा पुरुष आणि कांड्या भरणारी बाई, ही वाटणीही या सूत्राने उलगडते.

चौरास पट्ट्यात मात्र हे सूत्र आषाढ-श्रावणात मोडते. रोवणीच्या दिवसांत बाई बांधीत पोटरीभर चिखलात वाकलेली असते, हातात पऱ्ह्यांची जुडी असते, आणि तान्हे धुऱ्यावर, झाडाला बांधलेल्या झोळीत. हे काम थांबवता येत नाही, घरापासून दूर असते, मुलाला धोका असतो. तरीही ते बाईचेच आहे. काम मुलाशी जुळते म्हणून बाईकडे येते, हे ज्यांना निवड आहे त्यांच्यापुरते खरे. रोवणीवाल्या आईच्या मुलाला लोकर नव्हती. त्याला जुन्या लुगड्यांची वाकळ होती, आणि तिचे टाके मोजून घालायचे नव्हते.

आणि घरात बसून, मूल मांडीजवळ ठेवून करायचे जे काम भंडारा जिल्ह्यातल्या हजारो आयांच्या वाट्याला खरोखर आले, ते विडीचे. कारखान्यातून तेंदूपाने, तंबाखू आणि दोरा मोजून आणायचा आणि विड्या हजारावर मोजून द्यायच्या. साधने घरचीच : कात्री, मापाचा पत्रा, सूप. नवजात बाळाला ज्या सुपात ठेवण्याची रीत आहे, तेच सूप. ब्राउन यांच्या कसोट्या विडीही वरवर पार करते : थांबवता येते, घरी करता येते. फक्त तंबाखूची धूळ त्याच खोलीत असते आणि बाळाचा श्वासही. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बायकांनाही कामगार मानले, पण खराब पान, कमी भरलेली विडी म्हणून कापला जाणारा हिशेब कायद्याने थांबला नाही. भाषेचा खेळ असा की ‘विडी’ आणि बाळंतविड्यातला ‘विडा’ ही एकाच पानाची लेकरे. एका गल्लीतली बाई बाळंतविडा विणत होती आणि पलीकडच्या गल्लीतली विड्या वळत होती, दोघीही ओठांत आकडे मोजत होत्या. एकीचा आकडा चुकला तर ओळ उसवावी लागे. दुसरीचा चुकला तर मजुरी जाई. हा फरक जातीचा आणि शाळेचा आहे. नागपुरात १९२२ साली दलित मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी स्वतः कधी काळी डोक्यावर ओझी वाहून पोट भरत. अक्षरापर्यंत पोचायलाच जिथे एवढे पडले, तिथे अक्षरातून येणारी सुई उशिरा पोचली तर नवल नाही.

सार्वजनिक हिशेबात या कामांची नोंद कशी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, सभासदत्वाची वर्गणी सुतात ठरली : दरमहा २००० वार. चरख्यावरचा धागा वारावर मोजला गेला आणि राष्ट्राचा झाला. सुयांवरचा धागा कोणी मोजला नाही, कारण तो घराबाहेर गेला नाही. गेला तो दोन महायुद्धांत, जेव्हा आघाडीवरच्या सैनिकांसाठी मोजे-मफलर विणायला बायकांना आवाहन झाले. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे यावर एक मोठीच मौज करून ठेवली. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या राष्ट्रीय लेखापद्धतीनुसार घरच्या वापरासाठी बनविलेली वस्तू उत्पादनात धरायची, घरच्या माणसाची सेवा धरायची नाही. म्हणजे मांडीवर मूल घेऊन विणणाऱ्या बाईच्या हातातला मोजा तत्त्वतः राष्ट्रीय उत्पन्नात जमा. मांडीवरचे मूल नाही. आपल्याकडच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामातली रोजची सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. एकाच मिनिटात दोन कामे करणाऱ्या हातांना या रकान्यांत कसे बसवायचे, हा पेच आकडे मांडणाऱ्यांनाही सुटता सुटत नाही.

कादंबरीने तो सोडवला, असे आमचे मत आहे. व्हर्जिनिया वुल्फच्या १९२७ च्या ‘टू द लाइटहाउस’मध्ये आठ मुलांची आई असलेली मिसेस रॅम्झी दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी तपकिरी मोजा विणते आहे. माप घ्यायला ती तो आपल्या सहा वर्षांच्या मुलाच्या पायाला लावते. मुलगा चुळबुळतो, ती त्याला नीट उभे राहा म्हणते, आणि मोजा आखूड भरतो. घटना एवढीच. तिच्या दोन टोकांच्या मध्ये मात्र एका बाईचे सारे मन येऊन जाते : खोलीतले जुने फर्निचर, उघडी दारे, दुसऱ्या कोणाचा मरणपंथाला लागलेला बाप. एरिश आउअरबाख यांनी युद्धकाळात इस्तंबूलमध्ये लिहिलेल्या आणि १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिमेसिस’चे शेवटचे प्रकरण या मोज्याच्या नावाने आहे. होमरपासून निघालेला पाश्चात्त्य वास्तवचित्रणाचा तो अवाढव्य इतिहास येऊन थांबतो तो एका आईने मुलाच्या पायाला लावून पाहिलेल्या अर्धवट मोज्यापाशी. आमचे विद्यार्थी हे प्रकरण संज्ञाप्रवाहासाठी वाचतात आणि परीक्षेत तेच लिहितात. आम्ही त्यांना विचारतो की हे सारे मनात यायला त्या बाईला सवड कुणी दिली? हातातल्या टाक्यांनी. सरावाची साधी वीण बोटे आपोआप करतात, मोजणी सुटते, आणि मग मन कुठेही जाते. नमुना संपून साधी वीण सुरू झाली की आपल्याकडच्या बायकांचेही मन असेच जात असणार. मराठी कथेने तिथे फारसे पाऊल टाकले नाही. विणणारी बाई आपल्या कथांत येते ती बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या डोळ्यांतून, एक शांत पार्श्वभूमी म्हणून. सुयांच्या आतल्या बाजूने लिहिलेले पान आम्हांला शोधावे लागते. एकदा वाटते, ज्यांच्या हातांत सुया होत्या त्यांनी पेन धरला तोवर त्यांनी सुया टाकल्या होत्या. १९७५ नंतरच्या स्त्रीवादी लेखनाला विणकाम हे बेडीसारखे वाटले, आणि तसे वाटण्यात काही गैर नव्हते. पण त्या भरात वह्याही गेल्या.

वस्तू तर त्याआधीच गेलेल्या. इतिहासकाराला विणकामाची सर्वांत मोठी अडचण हीच आहे की ते काम स्वतःचा पुरावा स्वतः नष्ट करते. घोंगडी फाटेपर्यंत घोंगडी राहते, रेशीमकाठी धोतर पेटीत राहते. लोकरीचे जाकीट मुलाला आखूड झाले की उसवले जाते. शिवणीचा दोरा काढायचा, शेवटचा टाका मोकळा करायचा आणि ओढत जायचे. वर्षभराचे काम अर्ध्या तासात खुर्चीच्या पाठीवर लडी होऊन बसते. वाकड्या पडलेल्या लोकरीच्या लड्या कोमट पाण्यातून काढून, खाली वजन बांधून, सावलीत टांगायच्या. सुकली की सरळ होते. कमी पडली तर दुसऱ्या रंगाचा पट्टा घालायचा. म्हणून धाकट्या भावंडांच्या जुन्या फोटोंत छातीवर किंवा बाह्यांवर आडवे पट्टे दिसतात. फॅशन म्हणून त्यांची नोंद घेणाऱ्याने जरा थांबावे. आम्ही पाहिलेल्या एका वहीत थोरल्या मुलाच्या जाकिटाचा नमुना आहे, त्यावर एक तिरकी रेघ आहे आणि खाली दोन वर्षांनंतरची तारीख. लोकर तीच. फक्त ७२ टाक्यांच्या जागी ६४, कारण धाकटी अंगाने बारीक होती.